मीठ चवीनुसार

"आमचं सगळं उघड आहे, कोड बघा की!" असं कुणी म्हटलं की मला एक प्रश्न पडतो. कोड दिसतो हो, पण आपण वापरतो ती फाईल त्याच कोडपासून बनली आहे हे कशावरून?

(नातेवाईक मंडळींसाठी: कोड म्हणजे पाककृती. ती कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर शिजते, त्याला म्हणायचं बिल्ड. आपल्या हाती येतो तो डबाबंद पदार्थ.)

एकच कोड दोन कॉम्प्युटरांवर बिल्ड केला तर फाईल तंतोतंत सारखी निघेल असं वाटतं ना? बऱ्याचदा नाही निघत. बिल्डची तारीख-वेळ आत चिकटते. फोल्डरचा पत्ता शिरतो. डिस्क ज्या क्रमाने फायली देईल त्या क्रमाने त्या जोडल्या जातात. शिवाय टाइमझोन, भाषेप्रमाणे बदलणारा वर्णक्रम... 'मीठ चवीनुसार' लिहिलं की घरोघरी आमटी वेगळी होणारच!

"मग बिघडलं काय? चालतंय ना?" बिघडतं. 2020 मध्ये सोलरविंड्सचं प्रकरण उघडकीला आलं. घुसखोरांनी तिथे बिल्ड चालू असतानाच गुपचूप एक फाईल बदलली होती. तयार मालावर कंपनीची खरी डिजिटल सही होती आणि तो सुमारे 18,000 ग्राहकांपर्यंत पोचला. सील शाबूत, शिक्का अस्सल, आत भेसळ! वेगळ्या, स्वतंत्र कॉम्प्युटरवर तोच बिल्ड करून ताळा घेण्याची सोय असती, तर फरक दिसला असता.

असा ताळा जमतो. डेबियनची मंडळी 2013 पासून याच्या मागे आहेत. तारीख ठरवून द्यायची, फायली क्रमाने लावायच्या, मग मुद्दाम कॉम्प्युटरचं नाव, टाइमझोन, भाषा बदलून पुन्हा बिल्ड करायचा आणि दोन्ही फायली ताडून बघायच्या.

काम किचकट आहे, मान्य. मूळ कोडमध्येच खोट असेल तर ती दोन्हीकडे इमानेइतबारे उतरेल, हेही मान्य. आणि कंपायलरच फितूर असेल तर कोड वाचूनही कळत नाही, हे केन थॉम्प्सनने 1984 मध्येच सांगून ठेवलंय. म्हणून तर ताळा एकाच्या नव्हे, अनेकांच्या वेगवेगळ्या कॉम्प्युटरांवर व्हायला हवा.

माझ्या मते 'कोड उघडा आहे' हे अर्धंच वचन झालं. उरलेलं अर्धं म्हणजे 'तुमच्या घरी करून बघा, अगदी हेच निघेल'. निदान आपले पासवर्ड आणि खाजगी निरोप सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने तरी तेवढं केल्याशिवाय विश्वास मागू नये.

असो. तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांनी आपलाच एखादा प्रोग्राम दोन कॉम्प्युटरांवर बिल्ड करून बघा. काय निघालं ते जरूर कळवा!