विश्लेषण : नवा प्रशिक्षक आला की संघ खरेच सुधारतो का?

पहिले चार सामने जिंकले की ‘याला दहा वर्षे सोडू नका’ आणि पुढचे तीन हरले की ‘याला आजच घरी पाठवा’. फुटबॉलप्रेमींचा हा वाद नवा नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने असोत किंवा मोबाइलवर चाललेली इंडियन सुपर लीग, चर्चा प्रशिक्षकाच्या नावावरच येऊन थांबते. चंदगडहून तिलारी घाट उतरला की गोवा जवळ. त्यामुळे उदाहरण एफसी गोवाचेच घेऊ.

आकडे काय सांगतात?

२०२२-२३च्या हंगामात गोव्याचा संघ २० सामन्यांत २७ गुणांसह सातवा राहिला. २०२३मध्ये स्पेनचे मानोलो मार्केझ प्रशिक्षक झाले आणि २०२३-२४मध्ये संघाने २२ सामन्यांत ४५ गुण मिळवून तिसरे स्थान गाठले. वरवर पाहता सारे श्रेय प्रशिक्षकाचे. पण त्याच वर्षी संदेश झिंगन, कार्ल मॅकह्यू, उदांता सिंग असे खेळाडूही संघात आले होते.

मग फेब्रुवारीत काय बिघडले?

पहिले १२ सामने अपराजित राहिलेला संघ फेब्रुवारी २०२४मध्ये सलग तीन सामने हरला. प्रशिक्षक तोच होता. मात्र जानेवारीतील आशियाई चषकात झिंगन जखमी झाला आणि बचावफळीचा आधारच गेला. मार्केझ डिसेंबरपर्यंत हुशार होते आणि फेब्रुवारीत त्यांची अक्कल संपली, असे कोणी म्हणेल का? चाहते मात्र नेमके तेच म्हणतात.

प्रशिक्षक हटवून फायदा होतो का?

नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी तिथल्या अव्वल साखळीतील १९८६ ते २००४ या काळाचा अभ्यास केला. प्रशिक्षक हटवल्यावर संघ सावरत होते, हे खरे. पण तेवढीच घसरण होऊनही ज्यांनी प्रशिक्षक ठेवला, ते संघही जवळपास तसेच सावरले. कारण साधे आहे. प्रशिक्षकाला काढतात ते संघ तळाला लागल्यावर, आणि तिथून बहुतेक संघ थोडे वर येतातच.

म्हणजे केवळ संयम ठेवायचा?

तेही पुरेसे नाही. संयमाचा विषय निघाला की मँचेस्टर युनायटेडच्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचे नाव येते. १९८६मध्ये आलेल्या फर्ग्युसन यांना लीगचे पहिले विजेतेपद १९९३मध्ये मिळाले. पण वेळ दिला म्हणून प्रत्येक जण फर्ग्युसन होत नाही. गोव्याने ब्राझीलचे महान खेळाडू झिको यांना तीन हंगाम दिले. २०१५मध्ये संघ अंतिम फेरीत होता, तर २०१६मध्ये आठ संघांत आठवा.

मग तपासायचे काय?

निकालाच्या पलीकडचे काम. २०१७मध्ये सर्जिओ लोबेरा आले आणि गोव्याला चेंडू ताब्यात ठेवून आक्रमण करण्याची सवय लागली. २०२०मध्ये साखळीचे तीन सामने शिल्लक असताना क्लबने त्यांना दूर केले. क्लिफर्ड मिरांडा यांनी धुरा घेतली, तिन्ही सामने जिंकले, शेवटचा तर जमशेदपूरविरुद्ध ५-० असा. संघाने साखळी विजेत्याची ढाल पटकावली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. हे यश कोणाचे? माझ्या मते दोघांचे, आणि त्याहून अधिक खेळाडूंच्या अंगी मुरलेल्या पद्धतीचे.

म्हणून नव्या प्रशिक्षकाला पाच सामन्यांच्या गुणांवर जोखू नये. सामने कोणाशी झाले, जखमी किती, संधी किती निर्माण झाल्या, तरुण खेळाडू सुधारतात का, हे पाहावे. आणि संघनिवड, खरेदी, मैदान यांची जबाबदारी ज्या पदाधिकाऱ्यांवर असते, त्यांनाही प्रश्न विचारावेत. प्रशिक्षक बदलणे हा त्यांच्यासाठी अनेकदा सर्वांत सोपा बचाव असतो.

हा मुद्दा गोव्यापुरता नाही. हीच घाई आपल्याकडे शाळेच्या मैदानापर्यंत येते. तालुक्याची एक स्पर्धा हरली की क्रीडाशिक्षकावर खापर फुटते. मुलांना रोज सरावाला मैदान आणि चेंडू मिळतो का, हे विचारायचे मात्र राहूनच जाते.