बालकांची उंची आणि घरची शेंग

हिरण्यकेशीच्या काठचा गडहिंग्लज तालुका उसाचा, भुईमुगाचा आणि दुभत्या जनावरांचा. अशा मुलखातही वयाच्या मानाने खुजी मुले का आढळावीत, असे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : आईबापच ठेंगणे, मग मूल उंच कोठून होणार? हे उत्तर सोयीचे आहे. पुरेसे मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालवाढीची जी प्रमाणे ठरविली, त्यांसाठी भारतासह सहा देशांतील मुले मोजली होती. पोषण, आरोग्य व स्वच्छता यांची अनुकूलता लाभलेली ही मुले पाच वर्षांपर्यंत जवळजवळ सारखीच वाढलेली दिसली. उलट, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील खुरटी मुले २०१५–१६ साली शेकडा ३४.४ होती, ती २०१९–२१ साली ३५.२ झाली. एवढ्या मोठ्या संख्येचा दोष केवळ रक्तावर टाकता येणार नाही.

वाढीचे खुंटणे पुष्कळदा गर्भातच सुरू होते. अल्पवयात झालेला विवाह, मातेच्या अंगी रक्ताची उणीव, लागोपाठची बाळंतपणे आणि गरोदरपणीही न सुटणारी भांगलण ही त्याची कारणे होत. पुढे सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध मिळाले, तरी उष्टावणानंतरची हयगय नडते. उष्टावण थाटाने होते. परंतु दुसऱ्या दिवसापासून बालकाच्या वाटीत पातळ पेजच तेवढी येते. डाळ, अंडे, पालेभाजी यांचा तीत पत्ता नसतो. त्यातच दूषित पाण्याने वरचेवर हगवण लागली की खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही.

घरात दुभते जनावर असूनही सारे दूध संस्थेत जावे, ही रीत विचार करावयास लावणारी आहे. उसाचे बिल वर्षातून मोजक्याच वेळी येते, आठवड्याचा बाजार दुधाच्याच पैशावर चालतो, हे खरे. तरीही वर्षावरील मुलासाठी पेलाभर दूध काढून ठेवल्याने फॅट घटत नाही आणि संसारही बुडत नाही.

भुईमुगाची गोष्ट याहून निराळी. काढणीच्या वेळी परतीचा पाऊस आला की शेंगा ओल्या राहतात व त्यांवर बुरशी धरते. तिच्यातील अफ्लाटॉक्सिन नावाचे विष भाजूनही पुरते जात नाही. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन व टोगो या देशांत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या बालकांच्या रक्तात या विषाच्या खुणा अधिक, ती अधिक खुजी आढळली. हेच एकमेव कारण, असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु चांगला माल बाजारात आणि फुटका, काळवंडलेला दाणा घरच्या कुटासाठी, हा व्यवहार तेवढ्यानेही अयोग्य ठरतो. शेंगा उन्हात खडखडीत वाळवाव्यात, निवडून उत्तम दाणे घरी ठेवावेत आणि बालकास अख्खा दाणा न देता बारीक कूट द्यावा.

पिकाची उंची मोजणारा कार्यकर्ता मुलांची उंची हे अंगणवाडीचे काम मानतो. ही वाटणी कागदापुरतीच बरी. पेरा, दूध आणि कणगी यांविषयीचा सल्ला तोच देत असतो. दोन वर्षे पुरी झालेल्या सुदृढ बालकाची उंची सुमारे ८६ सेंटिमीटर असते. ती ८० च्या खाली आढळल्यास अंगणवाडीस व आरोग्य केंद्रास कळवावे, आणि त्या घरी पुढील खरिपाचे बोलणे करताना परसात शेवगा आहे काय, कणगीत नाचणा उरला आहे काय, हेही विचारावे.