सीट बुक करण्याआधी पीएफचा हिशेब करा : ऊर्जानगरच्या पालकांना जाहीर आवाहन



गेल्या आठवड्यात वसाहतीत पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठाची माणसं येऊन गेली. गुळगुळीत माहितीपत्रकं, समोसे, पडद्यावर काचेच्या इमारती. सीईटीचा निकाल लागलेला नाही, तरी ‘सवलत आजच्यापुरतीच’ म्हणत सीट बुकिंगचे पैसे गोळा करून ती गेलीसुद्धा. चार वर्षांचा एकूण खर्च किती, असं एका आईनं विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, मुलाच्या भविष्याची किंमत लावता का?’ आणि आपण सगळे गप्प! एजंटाचा धंदाच तो. संताप येतो आपल्या गप्प बसण्याचा.

चंद्रपूरच्या 2920 मेगावॉटच्या वीज केंद्रात किती कोळसा जळला नि किती युनिट निघाले, हे शिफ्टगणिक लिहिणारी माणसं आपण. मग हाही हिशेब लिहा. 15 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, 10 वर्षांची फेड : महिन्याचा हप्ता सुमारे 19,800 रुपये, परतफेड जवळजवळ 23 लाख 80 हजार. शिक्षण सुरू असतानाचं व्याज, वसतिगृह, मेस, लॅपटॉप, येणंजाणं निराळं. हप्ता पोरगा भरेल म्हणता. पहिली नोकरी वीस-पंचवीस हजारांची लागली तर तो जेवेल काय?

म्हणून बाप पीएफला हात घालतो. बापा हो, आपलं क्वार्टर कंपनीचं आहे. निवृत्तीनंतर ते सोडावंच लागतं. सरकारी कर्मचाऱ्यांसारखी पेन्शन आपल्याला नाही. ईपीएस-95 मधून जे येतं त्यात किराणाही भागत नाही. पीएफ म्हणजे आपल्या म्हातारपणाचं छप्पर. ते विकून कुणाच्या काचेच्या इमारती उभ्या करता?

आता जे त्या सभेत कुणी सांगितलं नाही, ते ऐका. कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेशातून अभियांत्रिकी किंवा फार्मसीला जागा मिळाली आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून खुल्या गटालाही निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना त्याच उत्पन्न मर्यादेत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोटा, खासगी विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ यांना यातलं काही नाही. म्हणजे बुकिंगच्या पावतीवर सही केली की सवलत आपल्याच हातानं सोडली.

आणि एक कडू बोलतो. याच वसाहतीत मुलासाठी कर्ज निघतं आणि मुलीला ‘इथंच बीए कर’ सांगितलं जातं. जिची फी शासन भरायला तयार आहे तिचा साधा उत्पन्नाचा दाखला काढायला आपल्याला सवड नाही. कंत्राटी कामगारांच्या मुलींचं तर विचारूच नका. लाज वाटली पाहिजे.

‘मोठ्या कॉलेजात ओळखी होतात’ म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यात वेळ घालवणार नाही. प्लेसमेंटचं बोलायचं तर सर्वात मोठं पॅकेज विचारू नका. किती मुलांना नोकरी लागली आणि मध्यक पगार किती, ते विचारा. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत उतरलेल्या संस्था हे आकडे जाहीर करतात. चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1996 पासून उभं आहे, नागपूरचं एलआयटी 1942 पासून. व्हीएनआयटीत 1 ते 5 लाख उत्पन्नाच्या कुटुंबाला दोन-तृतीयांश शिक्षण शुल्क माफ होतं. पण त्यांचे एजंट समोसे घेऊन येत नाहीत ना!

तर ताबडतोब करायचं ते असं. निकालाआधी एक रुपयाही कुठं भरू नका. भरला असेल तर आजच लेखी परत मागा आणि पोच घ्या. उत्पन्न, अधिवास, जात आणि नॉन-क्रीमीलेअर दाखल्यांचे अर्ज या आठवड्यातच टाका. जूनमध्ये तहसीलला पाय ठेवायला जागा नसते. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा. प्रवेशासाठी डोनेशन मागणं गुन्हा आहे. कायदा 1987 चा आहे. मूळ कागदपत्रं अडकवायला यूजीसीची मनाई आहे. कॅपच्या अर्जात कॉलेजांच्या पर्यायांचा क्रम विचार करून लावा. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागतो. कर्ज लागलंच तर आधी पीएम विद्यालक्ष्मीच्या यादीत संस्था आहे का बघा : तारण नाही, जामीनदार नाही, आणि 8 लाखांच्या आतल्या कुटुंबाला, दुसरी शिष्यवृत्ती नसेल तर, 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत मिळू शकते.

राहिली 8 लाखांच्या किंचित वर उत्पन्न असलेली कुटुंबं. ओव्हरटाइम नि थकबाकी एका वर्षात आली की असं कुटुंब एकदम ‘श्रीमंत’ ठरतं आणि सवलत जाते. मर्यादा वाढवा, या मागणीचं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं आहे. सह्या प्रत्येक क्वार्टरमधून हव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरचे अंगठे चालणार नाहीत.

वसाहतीतल्या पोरांचे पर्याय-अर्ज आमचे कार्यकर्ते रात्री जागून भरतात, एक पैसा न घेता. एजंटांच्या सभेला हॉल भरतो आणि आमच्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या, हे यंदा चालणार नाही. रविवारी सकाळी दहा वाजता बैठकीला या, आई-वडील दोघं या, मुलांना आणा. बुकिंगची पावती असेल तर तीही घेऊन या. रक्कम परत मागण्याचा अर्ज तिथंच लिहून देऊ.

— पालक समितीच्या वतीने, ऊर्जानगर