९०७ सामन्यांची प्रतीक्षा

माणसाच्या कर्तृत्वाचे मोजमाप आपण बहुधा अंतिम फळावरून करतो. ज्याचा गल्ला भरला तो हुशार, ज्याचा रिता राहिला तो कमनशिबी, असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. परंतु ज्याने वर्षानुवर्षे चोख काम केले आणि तरीही ज्याच्या पदरी यश पडले नाही, त्याच्या कामाची किंमत कशी करावी? या प्रश्नाच्या संदर्भात अमेरिकेतील रॉन हेन्सी या आइस हॉकीपटूचे चरित्र मोठे उद्बोधक आहे.

हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. बर्फाच्या मैदानावर प्रत्येक संघाचे सहा जण स्केट्स घालून खेळतात. त्यांत एक गोलरक्षक, तिघे आक्रमक आणि दोघे बचावपटू असतात. बचावपटूने काम चोख केले, म्हणजे काहीच घडत नाही. चुकला, की सर्वांना दिसते. सावध मुनीमाप्रमाणे त्याचे श्रेय न झालेल्या नुकसानीत दडलेले असते.

हेन्सीचा जन्म १९८१ चा, कनेक्टिकट राज्यातला. २००० साली नॅशनल हॉकी लीगच्या नवोदितांच्या निवडीत मॉन्ट्रियल संघाने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतले. आरंभ असा भाग्याचा; परंतु तिथे त्याचा जम बसला नाही. बराच काळ दुय्यम लीगमध्ये काढावा लागला. २००५ मध्ये मॉन्ट्रियलने त्याच्यावरचा हक्क सोडला आणि कोलंबसने त्याला उचलले. पुढे २००८ मध्ये तो अटलांटाला गेला. २०११ मध्ये तो संघच विकला जाऊन कॅनडातील विनिपेगला हलला, आणि पेढीबरोबर जुना नोकर जावा तसा हेन्सीही गेला. २०१३ च्या उन्हाळ्यात त्याच्या हाती कोणताच करार नव्हता. हंगाम तोंडावर आला असताना कॅरोलिना संघाने त्याला केवळ एका वर्षासाठी घेतले. तिथे तो चार हंगाम टिकला.

या लीगमध्ये त्या वेळी प्रत्येक संघ पूर्ण हंगामात ८२ सामने खेळे. त्यांतून १६ संघ बाद फेरीत जातात आणि त्यांतील एकाला स्टॅन्ली चषक मिळतो. त्या काळी संघ होते ३०, म्हणजे निम्म्याहून अधिक संघांना ही संधी मिळे. कोलंबस, अटलांटा, विनिपेग, कॅरोलिना यांपैकी एकाही संघाला हेन्सी असताना ती लाभली नाही. बाद फेरीचा एकही सामना न खेळता त्याचे ९०७ सामने झाले. पूर्वी ऑली योकिनेन या खेळाडूने ७९९ सामने वाट पाहिली होती. हेन्सीने तो विक्रमही मागे टाकला.

हा विक्रम कोणी मिरवावा असा नव्हे. तथापि त्याची दुसरी बाजूही पाहावी. जो कुचकामी असतो, त्याला कोणी ९०७ वेळा मैदानात उतरवत नाही. यशाच्या खात्यात शून्य असतानाही प्रत्येक नव्या मालकाने त्याला मोबदला देऊन ठेवले, कारण त्याच्या कामाचा भरवसा होता. व्यापारात यालाच आपण पत म्हणतो. २०१२-१३ मध्ये मालकांनी टाळेबंदी पुकारली, तेव्हा खेळाडूंच्या बाजूने वाटाघाटींना बसणाऱ्यांत तो होता. सोबत्यांचाही त्याच्यावर विश्वास होता, हे त्यावरून दिसते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये पिट्सबर्ग संघाने त्याला मागून घेतले. पुढे त्या संघाचा प्रमुख बचावपटू क्रिस लेटँग मानेच्या दुखापतीने बाहेर पडला आणि बचावाचा मोठा भार छत्तीस वर्षांच्या हेन्सीवर आला. १२ एप्रिलला तो बाद फेरीचा पहिला सामना खेळला. ११ जून रोजी नॅशव्हिलला २-० असे हरवून पिट्सबर्गने चषक जिंकला. चषक प्रथम कर्णधाराच्या हाती येतो आणि तो पुढे कोणाला द्यावा हे कर्णधार ठरवतो. सिडनी क्रॉस्बीने तो प्रथम हेन्सीला दिला. संघात त्याहून नामवंत आणि जुने खेळाडू होते. तरी कोणाचा मान मोठा, हे कर्णधाराने ओळखले.

'सबुरीचे फळ गोड' हे तात्पर्य येथे काढता येईल. पण ते पूर्ण सत्य नव्हे. कॅरोलिनात हेन्सीबरोबर खेळलेल्या जेफ स्किनरला बाद फेरीसाठी १०७८ सामने थांबावे लागले. २०२५ मध्ये एडमंटन संघाकडून तो तिथे पोहोचला. संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि हरला. प्रतीक्षा अधिक, फळ उणे! सबुरीला फळ येतेच असे नाही. संधी, दुसऱ्याची दुखापत, योग्य वेळी आलेले बोलावणे, यांचाही त्यात वाटा असतो.

मग माणसाच्या हाती काय उरते? संधी आली त्या दिवशी आपण कामास योग्य असणे, एवढेच. हेन्सीने चषकाची ती रात्र सोळा वर्षांच्या साध्या दिवसांतून मिळवली होती. ती रात्र आली नसती, तरी ते ९०७ सामने खोटे ठरले नसते. आपल्या दुकानात, घरात, कचेरीत नुकसान होऊ न देता वर्षे काढणारी अशी माणसे असतात. त्यांचा हिशेब करताना केवळ शेवटच्या ओळीवर बोट ठेवू नये. मधली पानेही वाचावीत.