मित्राच्या गावचे चार घास

परदेशात जुना स्नेही असला, की आपण जाताना चकल्यांचा डबा नेतो आणि तो आपल्याला वरणभात वाढतो. दोघांनाही धन्य वाटते. एवढे समुद्र ओलांडून आपण पुन्हा सदाशिव पेठेतच जेवतो! यात प्रेम आहे, हे खरेच. परंतु माझे म्हणणे असे, की वरणभाताची पंगत एका रात्रीपुरती पुरे. दुसऱ्या सकाळी स्नेह्याला सरळ सांगावे, "बाबा रे, तू इथे रोज काय खातोस, ते मला खाऊ घाल."

मागे एकदा सिंगापूरला कॉलेजातल्या मित्राकडे उतरलो होतो. तीस वर्षे तो तिथे आहे. पत्नी वारल्यापासून एकटाच राहतो. दोन दिवस त्याने स्वतः कुकर लावून मला साग्रसंगीत जेवू घातले. खाणावळीतली पाणीदार आमटी, कडक प्राध्यापक, नाटकाच्या तालमी असा सारा जुना माल आम्ही त्या दोन दिवसांत संपवला. दुसऱ्या रात्री अकराच्या सुमारास दोघेही गप्प झालो. जुन्या मैत्रीत ही घटका येतेच. आठवणींचे भांडवल पुरून पुरून किती पुरणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "चल, आज तुला माझ्या गावचं खाणं दाखवतो."

'माझ्या गावचं' हा शब्द मी मनात टिपून ठेवला.

सिंगापुरात पूर्वी फेरीवाले रस्त्यावरच रांधीत. सरकारने १९६८-६९ मध्ये त्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात ठिकठिकाणी पक्की केंद्रे बांधून नळ, वीज व मोरी यांची सोय असलेल्या छपराखाली त्यांना बसवले. हीच ती 'हॉकर सेंटरे'. २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत मानाचे पान दिले. चिनी, मलायी, तामिळ असे सगळे तिथे शेजारी शेजारी चूल मांडून असतात. टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवले, की जागा आपली! आपल्या एस.टी.च्या खिडकीतून आत पडणाऱ्या रुमालाचा हा चुलतभाऊच.

आम्ही घेतला काया-टोस्ट. नारळाचे दूध, अंडी आणि साखर आटवून, केवड्याच्या कुळातल्या पांदानच्या पानाचा वास दिलेला 'काया' खरपूस पावाला लावायचा आणि मध्ये गार लोण्याचा काप ठेवायचा. सोबत अर्धवट उकडलेली अंडी, त्यांवर सोया सॉस आणि पांढरी मिरपूड. कॉफी मागवण्याचीही एक परिभाषा आहे. 'कोपी' म्हणजे आटवलेल्या गोड दुधाची, 'कोपी-ओ' बिनदुधाची, साखरही नको असेल तर पुढे 'कोसोंग' जोडायचे. मलायी भाषेत कोसोंग म्हणजे रिकामे.

मित्राला मात्र काहीच मागवावे लागले नाही. दुकानातल्या म्हाताऱ्या चिनी बाईने, म्हणजे साऱ्या वस्तीच्या 'आंटी'ने, त्याची कोपी-ओ कोसोंग आपण होऊन पुढे ठेवली आणि काहीसे विचारले.

"काय म्हणाली रे?"

"जेवलास का, असं. इथली जुनी चिनी माणसं भेटली की हेच विचारतात." थोडा वेळ कॉफी ढवळून तो म्हणाला, "बायकोच्या आजारपणात रोज सकाळी इस्पितळात जाण्याआधी मी इथं येऊन बसायचो. ही कधी चौकशी करीत नसे. जेवलास का, एवढंच विचारी आणि पाव पुढं ठेवी."

त्या दिवसांबद्दल इतक्या वर्षांच्या पत्रांत आणि फोनवर एक अक्षर आले नव्हते. वरणभाताच्या ताटावरही ते आले नसते, कारण तिथे तो माझ्या आठवणीतला मित्र होऊन बसला होता. इथे तो स्वतःच्या गावात होता. मग आम्ही दुपारपर्यंत बोलत बसलो.

जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 'रोजाक' दिसते काकडी-अननसाच्या कोशिंबिरीसारखे, पण त्यात बहुधा कोळंबीचा खार असतो. शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावे. आणि खाऊन झाल्यावर आपले तबक आपणच उचलून ठेवावे.

चकल्यांचा डबा मात्र जरूर न्या. फक्त त्यातल्या चार चकल्या मित्राच्या अशा एखाद्या आंटीसाठी बाजूला ठेवा. परमुलखात ज्यांनी आपल्या माणसाला जेवलास का म्हणून विचारले, त्यांच्याकडे दिवाळीचा फराळ पोचायलाच हवा.