फलाटावरची हवा आणि भिंतीआडचे नळ

वर्सोव्याहून चर्चगेटकडे निघालेला प्रवासी तासाभरात अनेक हवामानांतून जातो. वर्सोव्याचे मेट्रो स्थानक रस्त्याच्या वर खांबांवर उभे आहे. तेथे थोडा तरी वारा लागतो. मेट्रोचा डबा थंडगार असतो. अंधेरीस उतरून तो लोकलच्या फलाटावर आला की पूल, जिने आणि छपरे यांच्या दाटीत कोंडलेली दमट हवा त्याच्या वाट्यास येते. गर्दीतून वातानुकूलित लोकल मिळालीच, तर पुन्हा थंडावा. पश्चिम रेल्वेवर अशी पहिली लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी धावली. गाडी थंड करण्याचा विचार झाला, हे स्वागतार्हच आहे. परंतु ती गाडी जेथे थांबते त्या स्थानकाच्या हवेचा, पाण्याचा आणि सांडपाण्याचा विचार त्या मानाने फार मागे राहिला आहे.

हा केवळ सुखसोयीचा प्रश्न आहे असे समजणे चुकीचे ठरेल. मुंबईच्या लोकल गाड्यांत शौचालय नसते. विरार किंवा कल्याणहून दीड तास उभ्याने येणाऱ्या माणसाला जी काही सोय मिळायची ती स्थानकावरच. ती अस्वच्छ असेल, तेथे पाणी नसेल, तर पुरुष आडोसा शोधतात आणि स्त्रिया पाणी पिणेच टाळतात. २०११ पासून मुंबईतील संघटनांनी स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठी जी मोहीम चालविली, तिने हे दुखणे चव्हाट्यावर आणले. ज्या व्यवस्थेतून रोज लक्षावधी लोक प्रवास करतात, तिच्यातील एक गळका नळ आणि एक तुंबलेली मोरी हा सार्वजनिक आरोग्याचाच प्रश्न असतो.

सर्व स्थानकांना एकच औषध लागू पडेल असेही नाही. वर्सोव्यासारख्या उन्नत स्थानकात यंत्राने हवा थंड करण्याची गरज नाही. तेथे छपराचा उष्मा अडविणे, वाऱ्याच्या वाटा जाहिरातींच्या फलकांनी न बुजविणे आणि खाऱ्या हवेने गंजणारे नळ वेळेवर बदलणे, एवढे पुरे आहे. अंधेरी, बोरिवलीसारख्या जुन्या स्थानकांची गोष्ट निराळी. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे गाडी सुरू झाली तेव्हा हे उघडे थांबे होते. आता त्यांवर पूल आणि पादचाऱ्यांसाठी प्रशस्त मजले चढत आहेत. त्यामुळे गर्दीची विभागणी होते हे खरे. पण खालच्या फलाटावर छत येते आणि गरम हवेला वर निसटण्यास जागा राहत नाही. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही. म्हणून नुसते छोटे पंखे फिरवून भागत नाही, कोंडलेली हवा बाहेर ओढणारी योजना आराखड्यातच असावी लागते.

भुयारी स्थानकांत तर वायुवीजन हा जीवनमरणाचा विषय होतो. लंडनच्या भुयारी रेल्वेची एके काळी उन्हाळ्यातील गारव्याचे ठिकाण म्हणून जाहिरात होत असे. शंभर वर्षांत गाड्यांची उष्णता भोवतालच्या मातीत मुरत गेली आणि तीच भुयारे आता तापदायक झाली आहेत. दक्षिण कोरियातील देगू येथे २००३ मध्ये भुयारी रेल्वेस आग लागून १९२ माणसे दगावली. त्यांतील अनेकांचा बळी धुराने घेतला. मुंबईची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिच्या २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत. तेथील पंखे धूर बाहेर काढण्यासाठीही असतात; त्यांच्या देखभालीत काटकसर करणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय.

पाण्याने तर इशारा देऊनही ठेवला आहे. २६ मे २०२५ रोजी पाऊस नेहमीपेक्षा सुमारे पंधरवडाभर आधी आला आणि अवघ्या काही दिवसांपूर्वी खुल्या झालेल्या आचार्य अत्रे चौक स्थानकात, काम अपुरे असलेल्या प्रवेशद्वाराकडील भिंत कोसळून, पाणी शिरले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिलेल्या शहराने पावसाला अनपेक्षित म्हणणे शोभत नाही. स्थानकातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याचीही हीच कथा. स्थानकात उत्तम स्वच्छतागृह बांधले तरी पुढची वाहिनी तुंबली असेल तर घाण परत येते. वर्सोव्यासह सात मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. त्यांतील वर्सोव्याच्या केंद्राची योजलेली क्षमता दिवसाला १८ कोटी लिटर आहे. स्थानकाचा नळ आणि शहराची मलवाहिनी हे एकाच साखळीचे दुवे आहेत.

मग दुर्लक्ष का होते? पहिले कारण उघड आहे. दर्शनी भागाचे उद्घाटन करता येते, भिंतीआडच्या नळाचे येत नाही. दुसरे कारण जबाबदारीच्या वाटणीत आहे. फलाट रेल्वेचा, बाहेरचे गटार महापालिकेचे, मेट्रो तिसऱ्याच यंत्रणेची, स्वच्छतागृह ठेकेदाराचे. प्रवाशाने जाब कोणास विचारावा? तिसरे कारण कराराच्या मुदतीत दडलेले आहे. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २००७ च्या ३५ वर्षांच्या करारावर उभी राहिली. मुदत सरत आली की चालक कोणीही असो, पुढील वीस वर्षे टिकणारे नळ व पंप बसविण्यात त्याला स्वारस्य उरत नाही. करारातच ही तरतूद सक्तीची नसेल तर पडझडीचे ओझे अखेर जनतेच्या माथी येते.

खर्चाचे कारण पुढे केले जाईल. लोकल मध्यरात्रीनंतर जेमतेम काही तास थांबते, तेवढ्यात काम कसे करावे, असेही विचारले जाईल. अडचण खरी आहे; म्हणूनच जुने नळ, विजेच्या तारा आणि पंखे एकेका फलाटावर टप्प्याटप्प्याने बदलण्याचा वेळापत्रकबद्ध कार्यक्रम हवा. प्रत्येक स्थानकासाठी एक जबाबदार अधिकारी असावा. फलाटावरील तापमान, पिण्याच्या पाण्याची तपासणी आणि स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीची तारीख तेथेच फलकावर लिहावी. पावसाळ्यापूर्वी पंपांची चाचणी वीज बंद करून घ्यावी, कारण पूर येतो तेव्हा वीजही जाते. आणि नव्या बांधकामाच्या रकमेतील ठरावीक वाटा देखभालीसाठी राखून ठेवावा. तो अन्यत्र वळविता येऊ नये.

स्थानक सुंदर दिसावे यात वावगे काही नाही. परंतु प्रवासी दर्शनी भाग क्षणभर पाहतो, आणि आतली हवा तो रोज घेतो. शहराचा कारभार कोणासाठी चालतो, याचे उत्तर त्या हवेत आणि त्या नळाच्या पाण्यातच मिळते.