टाळ्या कुणाला, नाचाला की जिद्दीला?

अपंग बाई रंगमंचावर नाचली की सभागृह टाळ्यांनी दणाणतं. पण त्या टाळ्या तिच्या जिद्दीला असतात. तिच्या नाचाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

सुधा चंद्रन यांचंच बघा. १९८१च्या अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला. जयपूर फूट बसवून, वेदना सोसत त्या पुन्हा भरतनाट्यम् करू लागल्या आणि १९८४मध्ये मुंबईत रंगमंचावर परतल्या. 'नाचे मयूरी'मुळे (१९८६) ही कहाणी घराघरांत पोचली. त्यांचे कष्ट मोठेच. पण समाजाने त्यातून सोयीचा धडा घेतला : पाय नाही हे कळलंसुद्धा नाही, म्हणजे ती जिंकली! मग जिचं अपंगत्व झाकताच येत नाही, तिने काय करायचं?

याचं वेगळं उत्तर लंडनच्या 'कॅन्डोको'ने दिलं. १९७३ साली नृत्य करतानाच जायबंदी झालेल्या सेलेस्ट डँडेकर व्हीलचेअर वापरू लागल्या. १९९१मध्ये अ‍ॅडम बेंजामिन यांच्यासह त्यांनी ही संस्था काढली. तिथे अपंग आणि अपंग नसलेले कलाकार एकत्र नाचतात. शरीर जसं आहे तसं, त्यातूनच हालचाल घडते.

असं काही बाहेरून घ्यायला हरकत नाही. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स झालेल्यांसाठी समकालीन नृत्याचे वर्ग घेतलेच की. पण परदेशी कलावंतांबरोबर काम करताना कसोटी एकच : निर्णय कुणाचा? पाहुण्यांनी इंग्रजीतून, जिना चढून जायच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं शिबिर घेतलं, तर तिथे कोण पोचेल? सोनिवलीची मुलगी नाही. तिची बदलापूर स्टेशन गाठतानाच दमछाक होते. शिवाय घरातून 'लोक काय म्हणतील' हे आहेच. अपंग मुलाला निदान बाहेर नेतात. मुलीला पाहुणे आले की आत बसवतात.

२०१६च्या अपंग हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं, की कलाशिक्षणाचे अभ्यासक्रम अपंगांना सहभागी होता येईल असे नव्याने आखावेत. ही मागणी आपण कधी लावून धरली? आपल्या ८ मार्चच्या कार्यक्रमात तरी अपंग बाई कुठे असते? पहिल्या रांगेत, सत्कारापुरती.

येत्या ८ मार्चला सत्कार नको. कार्यक्रम ठरवण्याच्या पहिल्या बैठकीलाच तिला बोलवा, आणि बैठक तळमजल्यावर घ्या.